ढग गरजला की गड सोडायचा: वळवात डोंगरावर जाणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात ट्रेक डेंजर, उन्हाळ्यात काय नसतंय, असं आपल्याकडं बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलंय. विजेच्या बाबतीत हे बरंचसं उलटं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या घाटमाथ्यावर पाऊस नुसता ओतत असतो, पण ढग त्यामानानं कमी गरजतात. वीज खरी नाचते ती एप्रिल-मे मध्ये वळीव येतो तेव्हा, आणि परत सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरात, परतीच्या पावसात. म्हातारी माणसं हस्ताचा पाऊस म्हणतात तो हाच. आणि नेमकं याच दोन टायमाला सगळं कोल्हापूर डोंगरावर असतंय, मे मध्ये पोरांना सुट्टी म्हणून पन्हाळा, रांगणा, भुदरगड, गगनबावडा, आणि पावसाळा सरता सरता पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर फुलं आल्याचे स्टेटस पडायला लागले की निम्मं शहर तिकडं.

देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांवर माणसं जातात, २०२२ चा सरकारी आकडा २,८८७ आहे. त्यात जास्त करून शेतात राबणारे असतात, त्यांना जावंच लागतं. आपण हौसेनं जातो, म्हणजे न जायचा किंवा लवकर परतायचा ऑप्शन आपल्याकडं कायम असतो, आणि तोच आपण वापरत नाही.

वेळ

सगळ्यात महत्त्वाचं हेच, बाकीचं निम्मं वाचलं नाही तरी चालेल. वळीव तयार कसा होतो बघा. सकाळभर ऊन तापतं, जमिनीलगतची दमट हवा गरम होऊन वर चढते, वर गार झाली की ढग होतो, तो ढग उभाच्या उभा वाढत जातो, त्याच्या आत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटून चार्ज वेगळा होतो आणि मग वीज. या सगळ्याला अर्धा दिवस लागतो, म्हणून वळीव बहुतेक दुपारनंतर, तीन-चारच्या पुढं गाठतो. म्हणजे पहाटे निघून बाराच्या आत माथ्यावरून उतरायला लागलात तर बराचसा धोका आपोआप टळला, त्याला काय शास्त्र शिकायची गरज नाही.

आता आपल्या पोरांचं टाईमटेबल बघा. सहाला निघायचं ठरतं, त्यातला एक फोनच उचलत नाही, त्याच्या घरी जाऊन त्याला उठवायचं, मग मिसळ खाल्ल्याशिवाय गाड्या शहराबाहेर पडत नाहीत, मग पेट्रोल, मग वाघबीळला चहा, आणि मसाईवर पाय ठेवायला दीड वाजतो. मग रील्स. ड्रोनवाला एखादा असला तर अजून तासभर. साडेतीनला एका बाजूनं काळं उठतं आणि त्यावेळी आपण त्या सपाट पठाराच्या मधोमध असतो, जिथं डोक्याच्या वर काहीही नाही, आपल्याशिवाय उंच असं दुसरं काहीही नाही.

तर करायचं काय? परतायची वेळ घरातूनच ठरवून निघायची आणि ग्रुपवर टाकायची. "१२ वाजता जिथं असू तिथून मागं, टोक आलं असो नसो." हे वर जाऊन ठरवायला गेलात तर कधीच ठरत नाही, कारण वर गेल्यावर टोक कायम अर्ध्या तासावरच असतं. मिसळ परत येताना खा, ती कुठं पळून जात नाही.

निघायच्या आधी

आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज बघा. त्यात "मेघगर्जनेसह" किंवा "विजांच्या कडकडाटासह" असं दिसलं आणि कोल्हापूरला यलो नायतर ऑरेंज अलर्ट असला तर माथ्याचा, पठाराचा प्लॅन पुढं ढकला. दुसरं म्हणजे दामिनी नावाचं ॲप फोनमध्ये टाकून ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलंय, फुकट आहे, तुमच्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असली तर दाखवतं. फक्त एक, त्याला नेट लागतं आणि आपल्या डोंगरात रेंज कुठं असते कुठं नसते. म्हणून ते पायथ्याला उघडून बघायचं, वर गेल्यावर त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

आणि पायथ्याच्या वाडीत कुणीतरी म्हातारबाबा नायतर गुरं राखणारा भेटतोच, त्यांना विचारा, "मामा, आज काय वाटतंय?" ते "आज येतंय बघ, चारच्या आत खाली या" म्हणाले तर ऐका. त्यांची जनावरं वर चरायला असतात, रोजचा संबंध आहे त्यांचा. ते सांगतात त्यावर "मामा काय घाबरवताय" म्हणून हसणारी पोरं बघितली की डोकं जातं माझं.

घरी एकाला तरी सांगून जा, कुठला रस्ता धरणार आणि किती वाजेपर्यंत परत येणार.

ढग कसा वाचायचा

सकाळी दहा-अकराला पांढरे छोटे ढग दिसले तर घाबरायचं कारण नाही. त्यातला एखादा उभा वाढायला लागला, वरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत चालला आणि त्याचा तळ काळा पडला की सावध. उकाडा वाढतो, वारा एकदम पडतो, अंगाला चिकचिक होते. मग अचानक गार वाऱ्याचा झोत येतो, मातीचा वास येतो, आणि आपली मंडळी म्हणतात "आहाहा काय वातावरण झालंय". वातावरण झालंय म्हणजेच तो पोचलाय, आता फोटो नको, पाय उचला.

आवाज मोजायची पद्धत सगळ्यांनी ऐकलेली असते पण अर्धवट. चमकलं की सेकंद मोजायला लागायचं, गडगडाट ऐकू येईपर्यंत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदाला एक किलोमीटर धरा. नऊ सेकंद आले तर वीज तीन किलोमीटरवर. आता घोटाळा इथं होतो की "तीन किलोमीटर लांब आहे रे" म्हणून लोक निवांत होतात. ती पडली ती तीनवर, पुढची कुठं पडंल ते तिनं सांगितलेलं नाही. मुख्य ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर लांबसुद्धा वीज पडू शकते, वर निळं आभाळ असताना, पावसाचा थेंब नसताना. म्हणून तीस सेकंदाच्या आत गडगडाट आला, म्हणजे दहा किलोमीटरच्या आत, की तुम्ही टप्प्यात आहात. खरं तर त्याहून सोपं, गडगडाट कानावर आला की टप्प्यात आहात, मोजत बसू नका, उतरा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर पुढं अर्धा तास थांबायचं, तोपर्यंत परत वर जायचं नाही. पाऊस थांबला म्हणजे वीज थांबली असं नसतं, बरीच माणसं पहिल्या थेंबाच्या आधी आणि पाऊस ओसरल्यावर सापडतात.

वीज मारते कशी

आपल्याला वाटतं वीज वरून येऊन डोक्यात बसते. तशी थेट अंगावर फार कमी जणांच्या पडते. जास्त माणसं जातात ती जमिनीतून येणाऱ्या करंटनं. वीज जवळच्या झाडावर, दगडावर, बुरुजावर पडते आणि तिथून जमिनीवर चहूबाजूला पसरते. तुमचे दोन पाय एकमेकांपासून लांब असले तर एका पायातून करंट चढून दुसऱ्यातून उतरतो. गाई-म्हशी एकदम झुंडीनं मरतात त्याचं हेच कारण, त्यांच्या पुढच्या-मागच्या पायात अंतर जास्त. आपल्या मसाईसारख्या पठारावर वर जांभ्याचा सडा, माती इंचभर, त्यावर पाण्याची डबकी. असल्या कातळावर करंट खोल मुरत नाही, वरच्यावर पसरतो. दुसरी पद्धत म्हणजे झाडावर पडलेली वीज खोडावरून उतरता उतरता शेजारच्या माणसावर उडी मारते. एकट्या उभ्या झाडाखाली थांबायचं नाही ते यासाठी.

गडावरचं एक चित्र तर ठरलेलं आहे. सगळ्यात उंच बुरुज, त्यावर लोखंडी पाईपला भगवा, आणि त्या पाईपला एका हातानं धरून दुसऱ्या हातात सेल्फी स्टिक वर केलेला गडी, मागं दहा-बारा जण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आणि मागं आभाळ काळंभोर कारण "बॅकग्राउंड लई भारी आलंय". यात चुकायचं राहिलं काय? उंच जागा, टोकदार लोखंड, हात त्याला लागलेला, आणि सगळे एकमेकांना चिकटलेले म्हणजे एकाला बसली की रांगेनं सगळ्यांना.

११ जुलै २०२१ ला जयपूरला आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी मनोऱ्यावर हेच झालं. पावसात लोक मजा बघायला, सेल्फी काढायला वर चढलेले, वीज पडली, ११ जण गेले. पोलंडमध्ये गिएवोंट नावाचं शिखर आहे, वर १५ मीटरचा लोखंडी क्रॉस आणि चढायला लोखंडी साखळ्या. २२ ऑगस्ट २०१९ ला वादळ आलं तेव्हा लोक त्या साखळ्या धरून रांगेत होते. तिथं चार जण दगावले, शंभरावर जखमी. आपल्या गडावरची रेलिंग आणि शिड्या आठवा जरा. लोखंड लांबून वीज ओढून आणतं असं नाही, उंची आणि एकटेपणा ओढतो, पण एकदा वीज आली की लोखंड तिला लांबपर्यंत पोचवतं.

थांबायचं कुठं

सगळ्यात चांगलं म्हणजे पक्कं घर, ज्यात वायरिंग आणि नळाचे पाईप आहेत. वीज त्यातून जमिनीत जाते. आत गेल्यावर नळ, वायर, चार्जिंगला लावलेला फोन यांना हात लावायचा नाही, खिडकीत, दारात उभं राहून व्हिडिओ काढायचा नाही.

दुसरं म्हणजे बंद चारचाकी. काचा वर, हात मांडीवर. टायर रबराचे असतात म्हणून गाडी वाचवते असं नव्हे, लोखंडी बॉडी करंट बाहेरून फिरवून खाली नेते म्हणून वाचवते. त्यामुळं एसटी चालते, जीप चालते, ट्रॅव्हलर चालते. बुलेट चालत नाही. आपल्याकडं निम्म्याहून जास्त पब्लिक टू-व्हीलरवर जातं म्हणून मुद्दाम सांगतोय, गडगडाटात गाडी दामटून पन्हाळ्याचा घाट उतरणं म्हणजे शूरपणा नाही, मिळेल त्या पक्क्या हॉटेलात शिरा आणि अर्धा तास कांदाभजी खा.

पत्र्याची चार खांबांवरची शेड, एसटीचा उघडा थांबा, डोंगरावरची बिनदाराची छोटी देवळी, तंबू, हे पावसापासून वाचवतं, विजेपासून नाही. गुहेचं जरा बघून. खोल असली तर आत मधोमध, भिंतीला न टेकता बसा. पण उथळ कपार, लोंबता कातळ, गुहेचं तोंड, ही उघड्यापेक्षा वाईट जागा, कारण कातळावरून उतरणारी वीज वरच्या ओठावरून खालच्या ओठावर उडी घेते आणि मध्ये तुम्ही. अमेरिकेत योसेमिटीला हाफ डोम नावाचा ग्रॅनाइटचा मोठा कातळ आहे, २७ जुलै १९८५ ला पाच जण समोर वादळ दिसत असताना वर गेले आणि माथ्यावरच्या एका कपारीत आडोशाला बसले, वीज तिथंच आली, दोघं गेले. मसाईजवळच्या पांडवदऱ्याच्या लेण्यांकडं पळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा, दारात पाय सोडून पाऊस बघत बसायचं नाही.

वर अडकलातच तर

माथा, धार, कड्याचं टोक सोडून जेवढं खाली येईल तेवढं या. शंभर फूट उतरलात तरी फरक पडतो. दाट झाडीत, जिथं सगळी झाडं साधारण एका उंचीची आहेत, तिथं थांबता येतं, फक्त खोडाला टेकू नका आणि त्यातल्या सगळ्यात उंच झाडापासून लांब राहा. पाण्यातून, ओढ्यातून, तळ्याकाठावरून बाहेर. एकमेकांत १५-२० मीटर अंतर ठेवा, पण एकमेक दिसले पाहिजेत. भीती वाटली की माणसं एकमेकांना धरून गोळा होतात, विशेषतः पोरं, तेवढं मोडा. अंतर असलं की एकाला बसली तरी मदत करायला बाकीचे शुद्धीवर राहतात.

केस उभे राहिले, अंगावर मुंग्या आल्या, काठीतून नायतर सॅकच्या बकलातून बारीक चर्रर आवाज यायला लागला तर वीज पडायच्या बेतात आहे. काठी, छत्री टाकून द्या आणि त्या जागेवरून खाली पळा. पळायला जागाच नसली तर दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसा, टाचा एकमेकींना लागलेल्या, डोकं खाली, कान झाकलेले. आडवं पडायचं नाही. हे शेवटचं आहे हे समजून घ्या, यानं माणूस सेफ होत नाही, नुसता धोका थोडा कमी होतो. उकिडवं बसता येतंय म्हणून वर थांबायचा प्लॅन करू नका.

बाकी ज्या गोष्टी आपल्याकडं बोलल्या जातात त्यातल्या बऱ्याच सोडून द्या. पायाळू माणसावरच वीज पडते हे खोटं, त्यामुळं ग्रुपमध्ये पायाळू कोण म्हणून चेष्टा करत बसू नका. रबरी चप्पल पायात असली की वीज काही करत नाही हे खोटं, किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या विजेला अर्ध्या इंचाचं रबर काय करणार. एका जागी दोनदा पडत नाही हेही खोटं, उंच मनोऱ्यावर ती वर्षात कितीतरी वेळा पडते. मोबाईल वीज ओढतो हेसुद्धा खरं नाही, मदतीला फोन बिनधास्त करा.

ग्रुपमधला हिरो

खरा प्रॉब्लेम ढगाचा कमी आणि ग्रुपचा जास्त असतो. ढग गरजतो, सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, पण बोलायचं कुणी? एक जण दबकत म्हणतो, "उतरूया का रे?" लगेच दुसरा, "व्हय, आईच्या पदराखाली जाऊन बस जा." झालं. आता तो पहिला परत तोंड उघडत नाही आणि बाकीचेही नाही. पुढचा अर्धा तास सगळे मनातून टरकलेले आणि तोंडानं "नाद खुळा".

यावर एकच नियम चालतो आणि तो खाली पायथ्यालाच सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्यायचा. कुणीही एकानं "उतरूया" म्हटलं की सगळे उतरणार, कारण विचारायचं नाही, चेष्टा करायची नाही. ग्रुपमध्ये नवीन असलेला, वयानं लहान असलेला, कुणाची तरी बहीण, कुणीही म्हणू दे. ग्रुप घेऊन जाणारा जो कोण असेल त्यानं पैसे परत द्यावे लागतील म्हणून टोकापर्यंत न्यायचं नाही, आणि पैसे भरलेल्यांनीही "एवढं आलोय तर" म्हणून त्याच्या मागं लागायचं नाही. ज्याला हिरोगिरी करायचीच आहे त्याला शेवटच्या माणसाबरोबर मागं थांबायचं काम द्या, आपोआप जमिनीवर येतो. दारू वर न्यायची नाही हे सांगायची वेळ यावी हेच वाईट, पण सांगतो.

आणि कुणीतरी बाजीप्रभूंचं नाव घेतंच, "आपण पावनखिंडीचं रक्त हाय." अरे बाबांनो, जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, महाराजांना विशाळगडाला पोचवायचं, पाठीवर शत्रू, त्या रात्री पावसात निघण्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता. बाजीप्रभूंनी जीव दिला तो कामासाठी. आपल्याला कुठलं काम आहे वर? तोच पन्हाळा ते पावनखिंड रस्ता दरवर्षी जुलैत शेकडो लोक मोहीम म्हणून चालतात, छान आहे, जरूर जा, पण मसाई ओलांडताना आभाळ गरजत असेल तर अलीकडच्याच गावात थांबा. मोहीम दोन तास उशिरा पोचली तर इतिहास बदलत नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेचं पण सांगून टाकतो, ती ऐन वळवाच्या दिवसात येते आणि सासनकाठ्या केवढ्या उंच असतात ते आपल्याला माहीत आहे. ढग वाजायला लागले तर काठी आडवी करून आडोशाला या, देव काय रागावत नाही.

कुणावर पडलीच तर

वीज अंगात साठून राहत नाही. पडल्या क्षणी गेली. त्या माणसाला लगेच हात लावता येतो, शॉक बसत नाही. शेणात नायतर मातीत पुरायचं हे कुठंकुठं अजून करतात, त्यात जीव वाचवायची वेळ तेवढी जाते. आधी आपण धोक्यात नाही ना एवढं बघा, गरज असली तर त्याला जरा खोलगट जागेत ओढून घ्या.

चार-पाच जण एकदम पडले असतील तर जो ओरडतोय, कण्हतोय त्याच्याकडं आधी जायचं नाही. जो गप्प पडलाय त्याच्याकडं जायचं. ओरडणारा श्वास घेतोय, तो बहुतेक जगतो. गप्प पडलेल्याचं हृदय नायतर श्वास थांबलेला असतो आणि विजेच्या केसमध्ये असली माणसं परत येण्याचा चान्स चांगला असतो. हाक मारून, हलवून बघा, श्वास नीट चालत नसेल तर लगेच सीपीआर (कोल्हापुरातला त्या नावाचा दवाखाना नव्हे, छाती दाबायचं ते). छातीच्या मधोमध तळहात, दुसरा हात त्यावर, कोपर सरळ, दोन इंच खाली दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं. येत असेल तर तीस वेळा दाबून दोन वेळा तोंडानं श्वास द्या. विजेत हे श्वास जरा जास्तच महत्त्वाचे, कारण बऱ्याचदा हृदय आपलं आपण चालू होतं पण श्वास चालू व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ऑक्सिजन मिळाला नाही तर हृदय परत बंद पडतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन थांबलेल्या दिसल्या तरी मेला म्हणून सोडायचं नाही. दमलात की दुसऱ्यानं घ्यायचं, मदत येईपर्यंत. हे यूट्यूब बघून जमत नाही, कुठं ट्रेनिंग असेल तिथं एकदा उशीवर नव्हे, पुतळ्यावर दाबून बघा, किती जोर लागतो ते कळतं.

पाय गार आणि निळे पडून हलेनासे झाले तर घाबरून जाऊ नका, बऱ्याच जणांचं काही तासात परत येतं. कानाचा पडदा फाटलेला असू शकतो, म्हणून तो तुमचं ऐकत नसेल तर ओरडून उपयोग नाही, हातानं खुणा करा. आणि उठून बसला, "मला काय झालं नाही" म्हणाला, तरी दवाखान्यात न्यायचंच, ईसीजी काढायचाच.

फोन १०८ ला नायतर ११२ ला. फोन करताना "मसाई पठारावर" एवढंच सांगू नका, पठार मैलोगणती पसरलंय. कुठल्या वाडीच्या बाजूनं चढलात, गाडी कुठपर्यंत येते, जवळ देऊळ, तळं, टॉवर काय आहे ते सांगा, लोकेशन पाठवा, आणि एक जण गाडी येते त्या रस्त्यावर उभा करा, शक्यतो त्याच वाडीतला माणूस सोबत घेऊन. पायथ्याच्या वाडीतल्या एखाद्याचा नंबर चढतानाच घेऊन ठेवलेला असला की हे सगळं सोपं जातं, कारण रुग्णवाहिकेच्या आधी झोळी घेऊन तीच माणसं वर येतात.